क्लॅम्पचा बोल्ट

जुन्या ॲम्बॅसेडरचं टायमिंग लावायचं म्हटलं, की सगळं काम एका बोल्टपाशी येऊन थांबतं. डिस्ट्रिब्युटरच्या मानेला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा तो बारीक बोल्ट. तो सैल झाला, की डिस्ट्रिब्युटर हाताने फिरतो आणि ठिणगी कधी पडायची हे ठरवता येतं. तो हललाच नाही, तर टायमिंगचं कितीही ज्ञान असो, त्याचा उपयोग शून्य. आणि बहुतेक गाड्यांत नेमका हाच बोल्ट वर्षानुवर्षं कुणी हलवलेला नसतो.

जाम बोल्ट सोडवणं हे पोऱ्याचं काम आणि टायमिंग लावणं हे मिस्त्रीचं, अशी आमच्या धंद्यात वाटणी आहे. मला ती कधीच पटली नाही. दोन्हीकडे एकच गोष्ट लागते. काही तरी सुटणार किंवा बिघडणार असतं, त्याच्या अगदी थोडं आधी ते आपल्याला कळवतं. बोल्ट पान्यातून कळवतो, इंजिन आवाजातून. ते ज्याला वेळेवर कळलं त्याचा स्टड तुटत नाही आणि पिस्टनही जळत नाही. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते आमचे उस्ताद अस्सल दखनी बोलायचे. पान्याला पाइप घालून लोंबकळणाऱ्या पोरांना ते लांबूनच ओरडायचे, “अबे, जबरदस्ती नक्को! पहले पूछ उसको!”

आमच्या शहरात जुन्या गाड्यांचं काम बरंच होतं, त्याला कारण आहे. वेरूळ-अजिंठ्याला जाणारे पर्यटक इथे उतरायचे आणि त्यांना फिरवणाऱ्या टॅक्सींमध्ये ॲम्बॅसेडर पुष्कळ होत्या. मागे ऐसपैस जागा, डिकीत चार मोठ्या बॅगा आणि अजिंठ्यापर्यंतचे शंभर किलोमीटर खड्डे सोसणारी चाकं. घरगुती गाडी म्हणजे फियाट. म्हणजे आधीची फियाट 1100 आणि नंतरची प्रीमियर पद्मिनी, वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. ॲम्बॅसेडरचं इंजिन 1489 सीसीचं, मूळ इंग्लंडच्या बीएमसीचं. पद्मिनीचं 1089 सीसीचं, मूळ इटलीतलं. दोन्हींचा फायरिंग ऑर्डर एकच: 1-3-4-2. दोन्हींना पुढून हँडल घालून इंजिन फिरवता येतं. पण पाने मात्र वेगळे, आणि निम्मे बोल्ट तिथेच बरबाद होतात.

फियाटचे बोल्ट मिलिमीटरचे, ॲम्बॅसेडरचे इंची. अर्ध्या इंचाचं डोकं म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्याला 13 चा पाना बसतो, असं वाटतं. सैल बोल्टवर तो चालूनही जातो. पण तेवढ्या 0.3 मिलिमीटरच्या फटीमुळे पान्याचा जोर डोक्याच्या सपाट बाजूवर न येता कोपऱ्यांवर येतो. जाम बोल्टवर दोन हिसके दिले की कोपरे गोल. मग मागून येणाऱ्या मिस्त्रीला पकड, छिन्नी, नाहीतर वेल्डिंगशिवाय गत्यंतर नाही. माझ्या पेटीत नाशिकच्या टपारियाचे दोन्ही मापांचे रिंग पाने आहेत आणि इंची पान्यांना मी लाल रंगाची पट्टी मारून ठेवली आहे. बारा कोनी गोटीपेक्षा सहा कोनी गोटी मला जास्त भरवशाची वाटते. ती डोक्याला सहाही बाजूंनी सपाट धरते.

बोल्ट जाम का होतो, हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये. लोखंड गंजतं तेव्हा गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. आट्यांमधल्या केसभर फटीत तो गंज फुगतो आणि नटाला आतून पाचर बसते. मुंबईहून किंवा कोकणातून आलेल्या गाडीत हा प्रकार असतो. खारी हवा, पावसाळा, अंगणात उभी गाडी. मराठवाड्यातल्याच गाडीचं दुखणं वेगळं. इथे हवा कोरडी, त्यामुळे गंज कमी. पण आमची काळ्या मातीची धूळ गळक्या ऑइलमध्ये मिसळते, इंजिनाच्या उष्णतेने भाजते आणि आट्यांत लाखेसारखी घट्ट बसते. गंजाला तेल आणि वेळ लागतो. भाजलेल्या मळीला आधी तारेचा ब्रश, मग रॉकेल, मग उष्णता. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर या दोन्हींच्या वरताण तिसरा प्रकार असतो. तिथले स्टड हजारो वेळा तापून गार झालेले असतात, त्यांच्यातला जीव गेलेला असतो. त्यांच्याशी बोलणंसुद्धा हळू आवाजात करावं.

माझी रीत सांगतो. बोल्टभोवतीची जागा आधी स्वच्छ करायची, आट्यांची टोकं उघडी दिसली पाहिजेत. मग तेल. बाजारात फवाऱ्याचे डबे मिळतात, ते चांगले आहेत. गॅरेजमध्ये डिझेल आणि ब्रेक ऑइल मिसळूनही काम होतं, फक्त ब्रेक ऑइल रंगावर सांडू द्यायचं नाही, ते रंग खातं. तेल लावल्यावर पाना लावायचा नाही. बोल्टच्या डोक्यावर पितळी दांडा ठेवून सरळ, हलके ठोके द्यायचे. त्या कंपाने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत शिरतं. पुन्हा तेल, पुन्हा ठोके, आणि रात्रभर सोडून द्यायचं. गिऱ्हाईक उभं असतं, घाईत असतं, हे मला माहीत आहे. पण रात्रभर थांबायची तयारी नसेल तर तुटलेला स्टड काढायला दोन दिवस लागतात, हे मी आधीच सांगतो.

दुसऱ्या दिवशी पाना लावला तरी पहिला जोर सोडण्याच्या दिशेने नको. आधी आवळण्याच्या दिशेने किंचित. बोल्ट नखभर आवळला तरी गंजाची पकड मोडते. मग सोडायला जायचं. आणि इथे हाताची परीक्षा असते. सुटणारा बोल्ट ‘कट्’ असा कोरडा आवाज करतो आणि पाना एकदम थोडा पुढे जातो. तुटणारा बोल्ट आवाज करत नाही. तो मऊ पडतो. पाना फिरतो, पण मनगटाला रबर पिळल्यासारखं वाटतं. बोल्टचं डोकं फिरत असतं, खालचं अंग जागेवरच असतं. तो मऊपणा लागला की त्याच क्षणी थांबायचं आणि पाना उलट दिशेला न्यायचा. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्ये तेलाचा थेंब. तपकिरी चिखल बाहेर यायला लागला की समजायचं, काम होणार. पोरांना मी लांब दांडीच्या पान्याने सुरुवात करू देत नाही, ते याचसाठी. लांब दांडीने जोर मिळतो, पण तो मऊपणा हाताला लागत नाही.

एवढ्यानेही नाही झालं तर आच. गॅसची टॉर्च नटावर धरायची, बोल्टवर नाही. नट तापून फुगतो, आत बोल्ट अजून गार असतो. नट जरा निवला की आट्यांना मेणबत्तीचं मेण लावायचं. वितळलेलं मेण त्या बारीक फटीत आपोआप खेचलं जातं, तेल जिथे पोहोचत नाही तिथवर. मॅनिफोल्डच्या नटांना याइतकं गुणकारी मला दुसरं काही सापडलेलं नाही. पण टॉर्च पेटवण्याआधी पेट्रोलची नळी काढून तोंड बंद करायचं, कार्बुरेटर रिकामा करायचा, बाजूला ओलं गोणपाट आणि वाळूची बादली ठेवायची. हे केल्याशिवाय माझ्या गॅरेजमध्ये आग पेटत नाही.

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षक त्यांच्या वडिलांची मार्क-4 ॲम्बॅसेडर घेऊन आले. गाडी बरीच वर्षं अलिबागकडे एका वाडीत उभी होती. दुरुस्त करून इथे आणलेली. चढावर इंजिन टिणटिण वाजायचं आणि गरम इंजिन चालू करताना स्टार्टरला उलटा धक्का मारायचं. दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगतात: ठिणगी फार आधी पडते आहे. डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला की प्रश्न मिटला असता. क्लॅम्पचा बोल्ट तेलाने आणि रात्रभराच्या मुक्कामाने सुटला. पण डिस्ट्रिब्युटर हलेना.

डिस्ट्रिब्युटरचं अंग ॲल्युमिनियमचं, तो बसतो त्याचं घर लोखंडाचं. दोन वेगळे धातू, मध्ये खारी ओल. अशा ठिकाणी ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी तयार होते, ती सिमेंटसारखी धरते. सर म्हणाले, “भाऊ, नवीन डिस्ट्रिब्युटरच टाकू या का? हा फोडून काढा.” मी म्हटलं, “सर, फोडला तर खालचं घरही जाईल. चार दिवस गाडी माझ्याकडे राहू द्या.”

माझा पोऱ्या टॉर्च घेऊन आलाच होता. त्याला थांबवून मी समजावलं. ॲल्युमिनियमच्या झाकणात लोखंडी बोल्ट अडकला असेल तर तापव, कारण तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं आणि भोक मोठं होतं. इथे उलटं आहे. ॲल्युमिनियम आत आहे. तापवलंस तर तो आणखी घट्ट बसेल. इथे गारठा पाहिजे. रोज संध्याकाळी सांध्यावर तेल सोडलं. जानेवारीतल्या पहाटे आमच्याकडे चांगली थंडी असते. अशा एका पहाटे कॅप, रोटर, पॉइंट काढून घेतले आणि डिस्ट्रिब्युटरच्या मानेभोवती कापडात बांधलेला बर्फ धरला. हिशेब केला तर मानेच्या जाडीत पडणारा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाच. तेलाला तेवढी वाट पुरते. लाकडाचा तुकडा लावून दोन्ही बाजूंना आळीपाळीने हलके ठोके दिले. बराच वेळ काही नाही. मग पोऱ्या म्हणाला, “काका, आवाज बदलला.” खरंच बदलला होता. भरीव ठोका पोकळ झाला होता. मी काही बोललो नाही, हातोडी त्याच्याकडे दिली. डिस्ट्रिब्युटर त्याच्याच हाताने फिरला.

आता टायमिंग. ठिणगी पडली म्हणजे लगेच धक्का बसला, असं होत नाही. मिश्रण पेटून दाब पूर्ण वाढायला सेकंदाचे दोन-तीन हजारांश लागतात. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर एका हजारांश सेकंदात क्रँक 18 अंश फिरतो. 800 फेऱ्यांवर तो पाच अंशही फिरत नाही. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. हे वाढतं अंतर डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं आणि दोन बारीक स्प्रिंगा सांभाळतात. इंजिनावर भार कमी असताना व्हॅक्यूमची डबी त्यात भर घालते. मिस्त्री लावतो ती फक्त सुरुवात. पण ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं.

आणि ती सगळ्यात शेवटी लावायची. आधी टॅपेट, मग प्लग, मग पॉइंटची गॅप, त्यानंतर टायमिंग. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला उघडमीट करणारा स्विच; तो उघडला की ठिणगी पडते. ॲम्बॅसेडरला पॉइंटची गॅप 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिलिमीटर. ही गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जातं. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. म्हणजे गॅप न पाहता डिस्ट्रिब्युटर फिरवणं हे दुसऱ्याच दुखण्यावर औषध देणं झालं. आमच्या धंद्यातली ही सवय मला मनापासून खटकते. कार्बुरेटर हवा खातोय, शाफ्टची बुश झिजून रोटर डुलतोय, टायमिंग चेन ढिली झाली आहे, आणि मिस्त्री काय करतो? डिस्ट्रिब्युटर दोन बोटं फिरवतो. गाडी त्या दिवशी पळते. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. महिन्याभरात पिस्टनचं तोंड जळतं.

सरांच्या गाडीत चारही प्लग काढले आणि पोऱ्याला पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवायला सांगितला. मी हँडल फिरवलं. अंगठा उडाला, की कॉम्प्रेशन सुरू झालं. तिथून पुढे अगदी हळू. ॲम्बॅसेडरच्या पुलीवरची खाच आणि टायमिंग कव्हरचे काटे खालच्या बाजूला असतात, गाडीखाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहावे लागतात. खाचेत आधीच खडू भरला होता. सगळ्यात लांब काटा टीडीसीचा, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो त्या जागेचा, बाकीचे त्याच्या आधीचे अंश दाखवणारे. खाच हव्या त्या काट्यासमोर आणली आणि रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरकडे तोंड करून आहे ना, ते पाहिलं. नसता तर डिस्ट्रिब्युटर उलटा बसलेला असता. मग डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत 12 व्होल्टचा बल्ब जोडला. इग्निशन चालू. पॉइंट मिटलेला असतो तोवर बल्ब बंद. पॉइंट उघडला, की पेटतो. रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेने डिस्ट्रिब्युटर केसभर, केसभर फिरवत न्यायचा. बल्ब जिथे लागतो ती जागा. तिथेच थांबून क्लॅम्प आवळायचा आणि पुन्हा तपासायचं, कारण आवळताना डिस्ट्रिब्युटर किंचित सरकतो. बल्ब नसेल तर पॉइंटमध्ये पतंगाचा कागद धरा. तो ज्या क्षणी सुटतो तीच ती जागा. उस्तादांच्या काळात अनेक गाड्या याच कागदावर लागल्या.

हँडल मारणाऱ्यासाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत आवळू नका, आणि हँडल खालून वर ओढा. टायमिंग फार पुढे असेल तर इंजिन उलटा झटका मारतं. वर ओढताना झटका आला तर हँडल हातातून निसटून जातं. खाली दाबत असाल आणि अंगठा गुंडाळलेला असेल तर मनगट मोडतं. जुने ड्रायव्हर हे बोलून दाखवत नव्हते, पण त्यांचा अंगठा कधीच चुकीच्या बाजूला नसायचा.

बल्बवर लावलेलं टायमिंग म्हणजे पाया. खरं उत्तर रस्त्यावर मिळतं. आमच्याकडे त्यासाठी दौलताबादचा घाट आहे. शहरातून निघून किल्ल्याच्या पायथ्याशी आलं, की खुलताबादकडे चढ सुरू होतो. तोवर इंजिन नीट तापलेलं असतं, चढ पुरेसा खडा आणि लांब. टॉप गिअरमध्ये, वेग चाळीसच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि काचा उघड्या ठेवून ऐकायचं. अगदी हलकी टिणटिण यावी आणि वेग वाढताच विरून जावी. आवाज आलाच नाही, गाडी आळशी वाटली, वर पोहोचेपर्यंत रेडिएटर तापला, तर टायमिंग मागे आहे. टिणटिण रेंगाळली तर पुढे. सरांच्या गाडीला पहिल्या फेरीत ती रेंगाळली. बाजूला थांबून किंचित मागे घेतलं. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथला एक अंश म्हणजे इंजिनाचे दोन. हात त्या हिशेबानेच चालला पाहिजे. दुसऱ्या फेरीत गाडी हवी तशी चढली. सर मागे बसले होते. वर पोहोचल्यावर म्हणाले, “वडील चालवायचे तेव्हा अशीच चढायची.”

पेट्रोल बदललं हेही लक्षात घ्यावं लागतं. 2000 साली शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉलमुळे ठोका उशिरा येतो, म्हणजे नुसत्या कानाने लावलं तर टायमिंग पूर्वीपेक्षा बरंच पुढे ढकललं जातं आणि आवाज येत नाही म्हणून कळत नाही. म्हणून मी घाटावर कानाचं ऐकतो, पण काट्यापासून फार लांब जात नाही. जुन्या रबरी नळ्या मात्र बदलूनच टाकतो. त्या या पेट्रोलमध्ये फुगतात.

क्लॅम्पचा बोल्ट परत बसवण्याआधी त्याचे आटे ब्रशने साफ केले आणि ग्रॅफाइट ग्रीस लावलं. डिस्ट्रिब्युटरच्या मानेलाही पुसटसं. डिस्ट्रिब्युटर आणि घर या दोन्हींवर मिळून रंगाची एक बारीक रेघ मारली. पुढच्या वेळी कुणीही उघडेल, त्याला आधीची जागा दिसेल.

वाळूजला बजाजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला, पुढे शेंद्र्याला स्कोडा आली. आता आमच्याकडे शिकायला येणारी पोरं स्कॅनर हातात घेऊनच येतात. नव्या गाडीत फिरवायला डिस्ट्रिब्युटर नाही, टायमिंग कॉम्प्युटर ठरवतो. पोरांना वाटतं, आमचं हे शिक्षण आता कालबाह्य झालं. परवा एक नवी गाडी आली. पिकअप नाही, चढावर दम लागतो. स्कॅनर नॉक सेन्सरकडे बोट दाखवत होता. नॉक सेन्सर म्हणजे काय? ब्लॉकला बोल्टने आवळलेला एक कान. दौलताबादच्या घाटावर मी जी टिणटिण ऐकतो तीच तो ऐकतो आणि कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो. पोरगा नवीन सेन्सर मागवायला निघाला होता. मी त्याला आधी जुना सोडायला सांगितला. बोल्ट जाम होता आणि सेन्सरच्या बैठकीखाली गंजाचा थर होता. असा कान ब्लॉकला नीट टेकत नाही, त्याला भलतंच ऐकू येतं. बोल्ट फार आवळला किंवा कमी आवळला तरी तेच होतं, म्हणून कंपनीच्या पुस्तकात त्याचा टॉर्क नेमून दिलेला असतो.

मी पोराला छोट्या दांडीचा पाना दिला, बोल्टवर तेल सोडलं आणि म्हटलं, “आधी थोडा आवळ.”